यवतमाळहून मुंबईला : अविकल चित्राची वाट

जानेवारी २०१९. यवतमाळात ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. समजा, त्या मंचाचे चलच्चित्र एकही बिंदू न गाळता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, मुंबईच्या स्टुडिओत न्यायचे असते, तर केवढी रुंद वाट लागली असती? आजचा धागा त्या वाटेच्या इतिहासाविषयी.

आरंभ टेलिफोनपासून करावा लागतो. १९७५ मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी येथील एक्स्चेंजांदरम्यान भारतातील पहिली पीसीएम प्रणाली सुरू झाली. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे, प्रत्येकाचे ८ बिट करायचे आणि ते आकडे तारेवरून धाडायचे. एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट. पुढे १९७९ मध्ये स्थानिक एक्स्चेंजांना जोडणारी देशातील पहिली ऑप्टिकल फायबर प्रणाली पुण्यात कार्यान्वित झाली. आकडा आणि काच, दोन्ही महाराष्ट्रात अवघ्या चार वर्षांच्या अंतराने अवतरले. मात्र दोन्हींचे काम आवाज वाहण्याचे, तेही शहरातल्या शहरात.

चित्राची भूक निराळीच. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रकाशमानतेचे सेकंदाला १.३५ कोटी नमुने आणि दोन रंगघटकांचे प्रत्येकी त्याच्या निम्मे. नमुन्यामागे १० बिट धरले, तर सेकंदाला २७ कोटी बिट, म्हणजे सुमारे ४,२०० टेलिफोन संभाषणे एका साध्या चित्रात! एचडी चित्राला तर १४८.५ कोटी बिट लागतात.

मग कॉम्प्रेस का करू नये? घरच्या प्रेक्षकासाठी ते योग्यच. साध्या चित्राचे काम सेकंदाला ४०-६० लाख बिटांत भागते. पण त्या गणितात वेळ जातो, आणि संकलनाच्या प्रत्येक टप्प्यावर चित्र पुन्हा दाबले-उघडले की त्याचा कस उतरत जातो. म्हणून अंतिम संकलनापर्यंत ते अविकल असावे, हा तंत्रज्ञांचा आग्रह. तो मला रास्त वाटतो.

उरला प्रश्न अंतराचा. उत्तम काचतंतूतही दर ५० किलोमीटरला प्रकाशाचा जेमतेम दशांश उरतो. यवतमाळ ते मुंबई हा मार्ग ७०० किलोमीटरांचा धरला, तर पोहोचणारा प्रकाश शंभर लाख कोटींतला एक भाग! पूर्वी वाटेत ठिकठिकाणी प्रकाशाची वीज करून, संकेत नव्याने घडवून, पुन्हा प्रकाश करावा लागे. १९८७ च्या सुमारास साउथॅम्प्टन विद्यापीठात आणि अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये एर्बियम मिसळलेल्या तंतूचा प्रवर्धक सिद्ध झाला. आता प्रकाश प्रकाशरूपातच बळकट होऊ लागला, आणि अनेक तरंगलांबी एकदमच. साधारण ८० किलोमीटरला एक प्रवर्धक ठेवला, तर आपल्या मार्गावर आठ पुरतात. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत सिअॅटलहून डेन्व्हरपर्यंत अविकल एचडी चित्र इंटरनेटच्या पद्धतीने नेऊन दाखवले गेले.

आणि आपल्याकडे? १९८३ च्या इन्सॅट-१बी नंतर दूरचित्रवाणी जिल्ह्याजिल्ह्यांत उतरली ती आकाशातून, आणि एकाच दिशेने : राजधानीने दाखवायचे, गावाने पाहायचे. खेड्यापर्यंत काच नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तीच आजची भारतनेट. तिचे उद्दिष्ट होते ग्रामपंचायतीमागे सेकंदाला १० कोटी बिट. ग्रामसभेच्या व्हिडिओसाठी हे पुष्कळ. पण १९८२ च्या मानकातले एक अविकल चित्रही त्यात मावत नाही.

दोष काचेचा नव्हे. तंतू तोच, मर्यादा त्याच्या दोन टोकांवरच्या यंत्रांची. भारतनेटने अवलंबलेल्या जीपॉन पद्धतीत गावाकडे येणारी वाट सेकंदाला सुमारे २५० कोटी बिटांची आणि गावाकडून जाणारी तिच्या निम्मी. शिवाय दोन्ही अनेक गावांत वाटलेल्या. उपग्रहाच्या काळातला कल इथेही, सौम्य रूपात का होईना, टिकून आहे. टोकांची यंत्रे बदलली, तर संमेलनाच्या मंचावरचा प्रकाश साडेतीन सहस्रांश सेकंदात मुंबईत असेल. चित्राची एक चौकट पडद्यावर राहते त्याच्या दशांशाहूनही कमी वेळात.