खरेदीदाराचा सॉलिसिटर कोणाचा? इंग्लंडमधील घरखरेदीच्या दस्तव्यवहाराचा ऐतिहासिक विचार

इंग्लंड व वेल्समध्ये घराचा सौदा तोंडी ठरला की खरेदीदाराला प्रथम सॉलिसिटर गाठावा लागतो. विक्रेत्याचा सॉलिसिटर वेगळा, खरेदीदाराचा वेगळा. मालकीहक्क तपासणे, विरुद्ध बाजूच्या सॉलिसिटरला लेखी प्रश्न विचारणे, रस्ते, बांधकाम-परवानग्या व बोजे यांविषयी स्थानिक प्रशासनाकडून माहिती मागविणे, करारपत्रांची अदलाबदल करून इसार देणे आणि अखेरीस रक्कम पोचती करून नोंदणी करणे, या सर्व कामास तेथे ‘कन्व्हेयन्सिंग’ म्हणतात. सोयीसाठी त्यास येथे हस्तांतरण म्हटले आहे. इंग्रजी न्यायव्यवस्थेचा अभ्यास आपल्याकडे बहुधा न्यायालयांच्या अंगाने होतो. दस्त तयार करणारा माणूस त्यात उपेक्षित राहतो. हा माणूस वेळोवेळी नेमका कोणाचे हित पाहत आला, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

इ.स. १५३६ च्या एका कायद्याने जमिनीच्या विशिष्ट प्रकारच्या विक्रीची सरकारदप्तरी नोंद आवश्यक ठरविली होती. जमीनदारांना आपले व्यवहार उघड व्हावेत हे मानवणारे नव्हते. त्यांच्या कायदेपंडितांनी तोड काढली. आधी एक वर्षाचा भाडेपट्टा करावयाचा आणि लगोलग दुसऱ्या दस्ताने उरलेला हक्क भाडेकरूसच सोडून द्यावयाचा. अशा दोन कागदांनी विक्री पूर्ण होई आणि नोंद टळे. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. परिणामी मालकीचा पुरावा सरकारी दप्तरात राहिला नाही. तो खाजगी पेटीतील दस्तांच्या गठ्ठ्यात राहिला. प्रत्येक विक्रीच्या वेळी तो गठ्ठा नव्याने सोडावयाचा आणि साठ वर्षांचा हक्क तपासावयाचा, अशी रीत पडली. ही मुदत १८७४ मध्ये चाळीस, १९२५ मध्ये तीस आणि १९६९ मध्ये पंधरा वर्षांवर आली. एकाने काल तपासलेले दुसऱ्याने उद्या पुन्हा तपासावयाचे, आणि शुल्क दोघांनीही घ्यावयाचे! शिवाय हे शुल्क दस्ताच्या लांबीवर, बहात्तर शब्दांचा एक ‘फोलिओ’ या मापाने, आकारले जाई. शब्दावर पैसे मिळत असता शब्द कोण वाचवील? जुन्या इंग्रजी दस्तांच्या पाल्हाळाचे श्रेय केवळ कायद्याच्या सूक्ष्मतेस देणे म्हणूनच भाबडेपणाचे ठरते. १८८१ च्या कायद्यानंतर शुल्क मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात ठरू लागले.

या कामाचा एकाधिकार कसा निर्माण झाला, हे पाहण्यासारखे आहे. फ्रान्सशी युद्ध चालू असताना १८०४ मध्ये मुद्रांक कायदा संमत झाला. बॅरिस्टर, सॉलिसिटर, ॲटर्नी आदी सनदधारकांखेरीज इतर कोणी मोबदला घेऊन हस्तांतरणाचा दस्त लिहिल्यास त्यास दंड ठरविण्यात आला. त्याच सुमारास या व्यावसायिकांवरील सनदशुल्काचा भार वाढविण्यात आला होता, आणि त्या वाढीची भरपाई म्हणून पंतप्रधान पिट यांनी हा एकाधिकार दिला, असे सामान्यतः मानले जाते. खरेदीदाराचे रक्षण हा हेतू त्यामागे शोधूनही सापडत नाही.

एकाधिकाराला खरा धोका होता तो सरकारी हक्कनोंदणीचा. १८६२ मध्ये लॉर्ड वेस्टबरी यांच्या पुढाकाराने भूमिनोंदणी कार्यालय स्थापन झाले. परंतु नोंदणी ऐच्छिक असल्याने तिकडे फारसे कोणी फिरकले नाही. १८९७ च्या कायद्याने सक्ती आणली, ती मुख्यतः लंडनपुरती. नोंदवहीत मालक कोण हे एका पानावर दिसू लागले तर गठ्ठे तपासण्याचे उत्पन्न बुडणार, हे सॉलिसिटरांच्या संघटनेस पुरते ठाऊक होते, आणि तिने सक्तीला दीर्घकाळ विरोध केला. विक्रीवर सक्तीची नोंदणी संपूर्ण इंग्लंड व वेल्सला लागू व्हावयास १ डिसेंबर १९९० उजाडला. ज्या प्रश्नाचे उत्तर १८६२ मध्येच कागदावर होते, त्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

मालकीच्या घरांत राहणारा मध्यमवर्ग विसाव्या शतकात वाढला तशी या खर्चाविषयीची नाराजीही वाढली. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी ठरीव शुल्कपत्रक रद्द झाले. १९७६ मध्ये मायकेल जोसेफ या सॉलिसिटरनेच आपल्या व्यवसायावर ‘द कन्व्हेयन्सिंग फ्रॉड’ हे पुस्तक लिहिले. त्याचे नावच पुरेसे बोलके आहे. तरीही १९७९ च्या राजकीय आयोगाने एकाधिकार राखावा असाच अभिप्राय दिला. पुढे खासदार ऑस्टिन मिचेल यांनी १९८३ मध्ये खाजगी विधेयक आणले, सरकारला दखल घेणे भाग पडले, आणि १९८५ च्या कायद्याने ‘लायसन्स्ड कन्व्हेयन्सर’ हा सॉलिसिटर नसलेला, पण परीक्षा व विमा यांनी बांधलेला स्वतंत्र व्यावसायिक अस्तित्वात आला. १९८७ पासून तो प्रत्यक्ष काम करू लागला. खरेदीदाराला खऱ्या अर्थाने निवड मिळाली ती येथून.

निवड मिळाली, पण निष्ठेचा प्रश्न मिटला नाही. तो दुसऱ्या दाराने आत आला. सर्वसाधारण गृहकर्जात खरेदीदाराचा सॉलिसिटरच कर्ज देणाऱ्या संस्थेचेही काम पाहतो. त्यासाठी त्याचे नाव त्या संस्थेच्या यादीत असावे लागते. दोन अशिलांची हिते परस्परांच्या आड आली तर काम सोडणे त्याला प्राप्त होते, आणि त्याचा फटका ऐन सौद्याच्या वेळी खरेदीदाराला बसतो. दुसरीकडे, अशील पाठविणाऱ्यास शुल्क देण्यावरील बंदी सॉलिसिटरांच्या संघटनेने २००४ मध्ये उठविली. विक्रेत्याकडून दलाली घेणारा दलाल खरेदीदारास सॉलिसिटर सुचवितो आणि त्याबद्दल सॉलिसिटरकडून मोबदला घेतो, अशी स्थिती त्यातून उद्भवली. डिसेंबर २०१८ पासून घरखरेदीच्या कामाचे दर जाहीर करणे सॉलिसिटरांना सक्तीचे झाले. माझ्या मते दरापेक्षा तीन गोष्टी आधी विचारावयास हव्यात: कागद प्रत्यक्ष कोण पाहणार, कर्जसंस्थेच्या यादीत नाव आहे काय, आणि हे अशील कोणाच्या शिफारशीने, किती मोबदल्याने आले.

२०१८ मध्ये निकालात निघालेला ‘ड्रीमवार’ खटला याच संदर्भात महत्त्वाचा आहे. लंडनमधील एका घराचा मालक असल्याची बतावणी करून एका भामट्याने ते एका कंपनीस विकले. दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम गेली. घर तर मिळालेच नाही. खरेदीदाराच्या सॉलिसिटरकडून हयगय झाली नव्हती, असे न्यायालयास आढळले. तरी खरी विक्री घडल्याशिवाय विश्वस्त म्हणून जवळ असलेली रक्कम त्याने हातची सोडली, म्हणून तो जबाबदार ठरला. अपील न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवून विक्रेत्याच्या बाजूच्या सॉलिसिटरलाही जबाबदार धरले.

ही परंपरा मुंबईस परकी नाही. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत इंग्लंडच्या धर्तीवर ॲटर्नींचा स्वतंत्र वर्ग होता, आणि दस्त व हक्कतपासणी हे त्याचे हुकमी क्षेत्र. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम ५५ मध्ये, हक्कातील दोष उघड करणे व कागद तपासणीस देणे ही विक्रेत्याची कर्तव्ये इंग्रजी रीतीस धरूनच आली. १९०८ चा नोंदणी कायदा मात्र दस्त नोंदवितो, हक्काची हमी देत नाही. त्यामुळे जुने दस्त चाळणे आपल्याकडे सुटलेले नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने बांधकाम व्यावसायिकावर आपला हक्क ॲटर्नीकडून, अथवा किमान तीन वर्षे व्यवसाय केलेल्या वकिलाकडून, प्रमाणित करून घेण्याचे बंधन घातले. हा वकील नेमतो बांधकाम व्यावसायिक, त्याचे शुल्कही तोच देतो. खरेदीदार त्या प्रमाणपत्राची प्रत वाचतो, आणि पुष्कळदा स्वतःचा वकील नेमण्याची गरज उरली नाही असे समजतो. जमिनीचे हस्तांतरण संस्थेच्या नावे न होता वर्षानुवर्षे राहिलेल्या गृहनिर्माण संस्थांसाठी २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील कलम १८ नुसार, जमिनीच्या सदोष हक्कामुळे झालेल्या हानीची भरपाई प्रवर्तकाकडून मागता येते आणि तिला मुदतीचा अडसर नाही. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या वकिलाचा त्या कलमात उल्लेख नाही.