इंधनविटा

इंधनविटा : कोळशाची पूड, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला थर), लाकडाचा भुसा असा सुटा आणि एरवी नीट न जळणारा माल दाबून, घट्ट आवळून केलेली इंधनाची वीट, कांडी किंवा गोळा. ‘ब्रिकेट’ या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही छोटी वीट असाच आहे. महाराष्ट्राला ही वस्तू दोन रूपांत ठाऊक आहे. शेगडीच्या काळात घरोघरी कोळशाच्या चुऱ्यात शेण किंवा माती कालवून गोळे वळत आणि उन्हात वाळवत, ते पहिले रूप. बगॅस, भुईमुगाची टरफले, पऱ्हाट्या यांच्यापासून कारखान्यांच्या बॉयलरसाठी तयार होणारा ‘पांढरा कोळसा’ हे दुसरे. प्रस्तुत नोंदीचा विषय मात्र थंड देशांत घर उबदार ठेवणाऱ्या शेगडीतल्या विटा हा आहे. मराठीत स्टोव्ह म्हटले की पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह डोळ्यांपुढे येतो. इथे अभिप्रेत आहे ती पुढे काचेचे दार आणि मागे धुराडे असलेली, लोखंडी पत्र्याची किंवा बिडाची बंद शेगडी. काश्मिरातली बुखारी तिची सख्खी बहीण. न्हाणीघरातला तांब्याचा बंब फार तर चुलतभाऊ.

विटांची तुलना करताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो ‘किलोमागे उष्णता किती?’ हा. त्याआधी विचारायला हवे, ‘पाणी किती?’ ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. खाणीतून काढलेल्या लिग्नाइटमध्ये, म्हणजे तपकिरी कोळशात, ते निम्म्याहूनही अधिक भरते. हे पाणी शेगडीतच उकळून वाफ होऊन धुराड्यातून जाते आणि एका किलो पाण्यामागे सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता सोबत नेते. थंड पडलेला जाळ नीट पेटत नाही. अर्धवट जळालेले वायू धूर होऊन बाहेर पडतात, नाहीतर धुराड्याच्या आत डांबरासारखे चिकटून बसतात. पैसे मोजायचे इंधनाचे आणि घरी आणायचे पाणी, असा हा व्यवहार. विटेचा कारखाना मुख्यतः हे पाणी आधीच काढून टाकतो. दाबून आकार देणे हे त्यानंतरचे काम.

विजेच्या युनिटात हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. एक युनिट म्हणजे ३·६ मेगाज्यूल. चांगल्या लाकडी विटेच्या एका किलोत साधारण पावणेपाच ते पाच युनिटांची उष्णता असते, पीटच्या विटेत पाचाच्या आसपास, लिग्नाइटच्या विटेत सव्वापाच ते साडेपाच. अँथ्रासाइट या कठीण, कमी धुराच्या कोळशापासून केलेल्या गोळ्यात मात्र आठ किंवा थोडी अधिक. पण ही झाली पोत्यातली उष्णता. उघड्या दिवाणखानी शेकोटीत तिचा मोठा भाग सरळ आभाळात जातो. बंद शेगडीचे तसे नाही: युरोपीय संघात १ जानेवारी २०२२ पासून विकायच्या अशा नव्या शेगडीची कार्यक्षमता किमान ६५ टक्के असावी लागते. म्हणजे वीट बदलण्याआधी शेगडी बदलली तर लाभ मोठा, हे विटा विकणारा सहसा सांगत नाही.

लाकडी विटा सुतारकामाच्या कारखान्यांतील आणि लाकूड-कापणीच्या गिरण्यांतील कोरड्या भुशापासून होतात. त्यांत डिंक किंवा खळ घालावी लागत नाही. दाब आणि घर्षणाच्या उष्णतेने लाकडातलेच लिग्निन मऊ होते आणि थंड होताना भुसा धरून ठेवते. बाजारात तीन घाट रूढ आहेत. ‘रूफ’ ही साबणाच्या मोठ्या वडीसारखी चौकोनी वीट. ‘नेस्ट्रो’ हा गोल दांडा. आणि ‘पिनी के’ ही मधून आरपार भोक असलेली बहुकोनी कांडी. पिनी केचा पृष्ठभाग यंत्रातच करपून काळसर होतो, त्यामुळे ती जरा अधिक काटक असते. तिन्ही प्रकार पाण्यात टाकले तर लाकडासारखे तरंगत नाहीत, बुडतात. इतकी त्यांची घनता. आंतरराष्ट्रीय मानकानुसार उत्तम प्रतीच्या लाकडी विटेत पाणी १२ टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि राख एका टक्क्याहून अधिक उरता कामा नये.

या विटेची एक खोड नवख्याला महागात पडते. जळताना ती फुगते. सरपणाच्या सवयीने शेगडी गच्च भरली, तर अर्ध्या तासात विटा काचेला टेकतात आणि जाळ आवरेनासा होतो. दोन-तीन विटा पुरतात. दुसरी अडचण साठवणीची: ओल लागली की वीट पुन्हा भुसा होते. दमट तळघरात ठेवलेले पोते वसंतापर्यंत खताच्या लायकीचे उरते.

पीटची वीट म्हणजे आयर्लंड. पाणथळ दलदलीत शेवाळ आणि गवत हजारो वर्षे अर्धवट कुजत साचले की पीटचा थर तयार होतो. आयरिश शेतकरी तो फावड्याने कापून, वाळवून ‘टर्फ’ म्हणून जाळत आला. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ‘बोर्ड ना मोना’ या सरकारी मंडळाने त्याचा यांत्रिक उद्योग केला आणि साडेबारा किलोचा पट्टीने बांधलेला विटांचा गठ्ठा पेट्रोल पंपावर नि किराणा दुकानात नेऊन ठेवला. ही वीट लवकर पेटते, तिची ज्योत मऊ असते आणि तिच्या धुराला एक गोडसर, मातकट वास असतो. परदेशी गेलेल्या आयरिश माणसाला हा वास घराची आठवण देतो, जशी कोकण्याला भाजावळीच्या धुराने येते. हवामानाच्या हिशेबात मात्र पीटची बाजू लंगडी आहे. तेवढ्याच उष्णतेसाठी ते कोळशापेक्षा थोडा अधिकच कार्बन डायऑक्साइड सोडते. शिवाय दलदल उपसली की तिथे साठलेला कार्बनही सुटू लागतो. बोर्ड ना मोनाने जानेवारी २०२१ मध्ये पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. शंभर वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर साचणाऱ्या थराला ‘पुन्हा उगवणारे इंधन’ म्हणणे तसेही अवघडच होते.

जर्मनीची खासियत लिग्नाइटची वीट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कार्ल एक्स्टर यांनी पीटसाठी दाबयंत्र तयार केले; ते हाले शहराजवळच्या लिग्नाइट खाणीत वापरात आले आणि १८५० च्या दशकाच्या अखेरीस तपकिरी कोळशाच्या विटा पडू लागल्या. ओला, भुसभुशीत, लांब वाहून नेण्याच्या लायकीचा नसलेला कोळसा वाळवून दाबला की तो बंधकाशिवायच टणक होतो. ब्रांडेनबुर्गमधल्या डोम्सडॉर्फ गावचा १८८२ चा ‘लुईझे’ हा विटांचा कारखाना आज संग्रहालय म्हणून उभा आहे. पूर्व जर्मनीत तर घरगुती ऊब म्हणजे हीच वीट, असे समीकरण होते. ऑक्टोबरात दाराशी विटांचा ढीग ओतला जाई, मग बादल्या भरभरून त्या तळघरात न्यायच्या, आणि रोज सकाळी पुन्हा वरच्या मजल्यावरच्या फरशीच्या उंच शेगडीपर्यंत. १९९० पर्यंत पूर्व बर्लिनच्या हिवाळ्याला गंधकाच्या धुराचा वास होता.

या विटेचा गुण जर्मन गृहिणी एका शब्दात सांगे: धग. लाकूड भडकते आणि विझते. लिग्नाइटची वीट तासन्‌तास आतून लाल राहते. झोपण्यापूर्वी वीट ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून निखाऱ्यांवर ठेवायची आणि हवेची झडप जवळपास मिटायची, की पहाटे राखेखाली विस्तव मिळतोच. आपल्याकडे चुलीतला निखारा राखेखाली दडपून ठेवत, तीच ही युक्ती. अवगुणही तितकेच ठळक आहेत: पेटताना धूर, गंधक आणि भरपूर राख. ऱ्हाइनलँडमधल्या फ्रेखेन येथील ‘युनिऑन’ विटांचे उत्पादन २०२२ च्या अखेरीस बंद झाले. पूर्वेकडच्या लाउझित्स भागातल्या विटेवर ‘रेकॉर्ड’ हे नाव ठशाने उमटवलेले असते.

ब्रिटनची गोष्ट वेगळी, कारण तिथे कायद्याने विटेला घडवले. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस काळे-पिवळे धुके बसले आणि त्या वेळच्या सरकारी अंदाजानेच सुमारे चार हजार माणसे दगावली. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने शहरांत धूरबंदीचे पट्टे आखले गेले आणि ‘धूरविरहित’ इंधनाला बाजारपेठ मिळाली. यातले एक नामांकित इंधन ‘फर्नसाइट’. वेल्समधला कमी धुराचा कोळसा दळून, कोलटारपासून निघणाऱ्या डांबरात मळून, अंड्याच्या आकाराचे गोळे पाडायचे आणि ते भट्टीत तापवून त्यांतला धूर आधीच काढून घ्यायचा, अशी त्याची रीत. शेगडीत ते खरोखर निर्धूर जळत असे.

मग तो धूर गेला कुठे? वेल्समधल्या आबरकुम्बॉय गावावर. १९४० च्या दशकापासून १९९० मध्ये बंद होईपर्यंत फर्नसाइटच्या कारखान्याने ते खोरे काजळीने माखून टाकले. तिथल्या कामगारांचे फुप्फुसांचे आजार आणि कर्करोग यांचा खटला पुढे उच्च न्यायालयात गेला आणि २०१२ मध्ये न्यायालयाने मालक कंपनीने कामगारांच्या आरोग्याची काळजी घेतली नसल्याचा निर्वाळा दिला. ‘धूरविरहित’ या शब्दाचा अर्थ ‘माझ्या धुराड्यातून न दिसणारा’ इतकाच असू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

आजच्या धूरविरहित गोळ्यांत डांबराऐवजी उसाच्या मळीसारखे बंधक वापरले जाते. काहींत ऑलिव्हच्या बियांची पूडही मिसळतात. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून अशा गोळ्यांत गंधक दोन टक्क्यांहून कमी आणि धूर ताशी पाच ग्रॅमपेक्षा कमी असावा लागतो. त्याच दिवसापासून लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात २० टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. आयर्लंडने याची सुरुवात आधीच केली होती. डब्लिनमध्ये १ सप्टेंबर १९९० रोजी धुराच्या कोळशाची विक्री बंद झाली आणि हवेतली काजळी सुमारे ७० टक्क्यांनी उतरली. साऱ्या देशाला तो नियम लागू व्हायला ३१ ऑक्टोबर २०२२ उजाडले.

वापरातला एक भेद पोत्यावर बारीक अक्षरांत असतो, पण शेगडीचे आयुष्य त्यावर ठरते. लाकूड राखेच्या गादीवर, वरून येणाऱ्या हवेत उत्तम जळते. कोळशाच्या गोळ्याला खालून, जाळीतून हवा लागते आणि राख सतत झाडावी लागते. केवळ लाकडासाठी केलेल्या, सपाट तळाच्या शेगडीत कोळशाचे गोळे टाकले तर ते कुढत जळतात. दोन्ही एकत्र जाळणेही बरे नाही: कोळशातले गंधक आणि लाकडातली ओल मिळून तयार होणारे आम्ल धुराड्याचे पोलादी अस्तर खाते. लाकडाची राख बागेत चालते. कोळशाची भाजीच्या वाफ्यात घालू नये.

मंगोलियाची राजधानी उलानबातर हे या विषयातले अलीकडचे एक मोठे प्रयोगस्थान. हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत जातो आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत लाखो लोक नमद्याच्या गोल तंबूत राहतात. तंबूच्या मधोमध शेगडी. १५ मे २०१९ पासून तिथे कच्चा कोळसा जाळण्यास बंदी आली आणि सरकारी कारखान्यातल्या कोळसाविटा स्वस्तात देण्यात आल्या. त्या हिवाळ्यात हवेतले सूक्ष्म कण लक्षणीय कमी झाले. सल्फर डायऑक्साइड मात्र वाढला, आणि थंडीच्या सुरुवातीलाच तंबूंमधून कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाल्याच्या, मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. नवी वीट जुन्या कोळशापेक्षा निराळ्या रीतीने जळते. तिला धुराड्यात चांगला ओढा लागतो आणि तुंबलेले धुराडे तिला चालत नाही, हे लोकांपर्यंत विटेबरोबर पोचले नव्हते. दक्षिण कोरियाने हा धडा आधीच गिरवला होता. तिथे बावीस भोकांच्या, साडेतीन किलोंच्या आसपास वजनाच्या ‘यॉन्तान’ वड्यांवर जमिनीखालून घर तापवत, आणि फरशीच्या भेगांतून झिरपलेल्या या वायूने काही दशके दर हिवाळ्यात माणसे झोपेतच गेली.

महाराष्ट्राला घर तापवायची गरज फारशी पडत नाही, तरी या क्षेत्रात त्याचे एक काम नोंदवण्याजोगे आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, शेतातच पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा आणि त्या कोळशाच्या पुडीपासून कांड्या करण्याची पद्धत बसवली. तिला २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. वाफेवर वरण-भात शिजवणाऱ्या ‘सराई’ कुकरला या कांड्यांचे जेमतेम मूठभर इंधन पुरते.

निवड करायचीच तर ती तासांवर करावी. संध्याकाळच्या दोन-तीन तासांपुरती ऊब हवी असेल तर लाकडी वीट सरस: कमी राख, स्वच्छ ज्योत, लवकर पेट. रात्रभर धग टिकवायची असेल आणि शेगडीला जाळी असेल, तर अँथ्रासाइटचे धूरविरहित गोळे. लिग्नाइटची वीट हे काम स्वस्तात करते, पण शेजाऱ्याच्या नाकाच्या खर्चाने. पीटची वीट आता सवयीखेरीज दुसऱ्या कारणाने घेण्यासारखी नाही. आणि झडप जितकी मिटावी तितका कार्बन मोनॉक्साइडचा धोका वाढतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. इंग्लंडमध्ये घन इंधनाची शेगडी असलेल्या भाड्याच्या घरातील राहत्या खोलीत त्याचा इशारा देणारा अलार्म बसवणे घरमालकांना १ ऑक्टोबर २०१५ पासून सक्तीचे आहे.