नखोन सी थम्मरात

थायलंडच्या दक्षिणेत, द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरील एक प्राचीन शहर आणि त्याच नावाच्या प्रांताचे मुख्यालय. बँकॉकपासून रस्त्याने सुमारे 780 किमी. शहराची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास. नावाचे मूळ रूप ‘नगर श्रीधर्मराज’ असे असून थाई उच्चारात त्याचे ‘नखोन सी थम्मरात’ झाले. युरोपीय व्यापारी आणि मलय लोक या शहराला ‘लिगोर’ म्हणत. सामुई बेटाकडे जाणारे पर्यटक उत्तरेकडील सुरत थानीहून परस्पर बोटीने निघून जातात. त्यामुळे द्वीपकल्पाच्या इतिहासात एवढे मोठे स्थान असलेल्या या शहरात परदेशी माणूस क्वचितच मुक्कामाला राहतो.

शहर उत्तर-दक्षिण पसरलेल्या एका जुन्या वाळूच्या पट्ट्यावर वसले आहे, म्हणून ते लांबट आणि अरुंद आहे. राजदाम्नेन हा एकच मोठा रस्ता त्याच्या कण्यासारखा जातो आणि बौद्ध विहार, शिव व विष्णू यांची देवळे, मशीद, चिनी देवस्थाने ही सारी या रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास भेटतात. हे वैविध्य बंदराने आणले. भारत, लंका, जावा आणि चीन यांच्या दरम्यान ये-जा करणारी जहाजे या किनाऱ्याला लागत. येथील ताम्रलिंग राज्याचा उल्लेख ‘मादमालिंगम्’ या रूपात राजेंद्र चोळाच्या तंजावर येथील शिलालेखात आहे. 1025 च्या आरमारी स्वारीत चोळांनी जी ठिकाणे जिंकल्याचे त्यात सांगितले आहे, त्यांपैकी हे एक. पुढे 1247 मध्ये येथील राजा चंद्रभानूने उलट लंकेवरच स्वारी केली. आग्नेय आशियातील राजाने समुद्र ओलांडून लंकेत सैन्य उतरवावे, हे इतिहासात फारच दुर्मीळ. सुखोथाई येथील 1292 च्या शिलालेखात तेथील महाथेर याच नगरातून आल्याचे म्हटले आहे. थायलंडमध्ये थेरवाद बौद्ध मत रुजवण्यातला या शहराचा वाटा त्यावरून कळतो. सतराव्या शतकात डच कंपनी येथे कथिलासाठी आली. त्याच काळात यामादा नागामासा हा जपानी योद्धा काही काळ लिगोरचा अधिपती होता. 1630 मध्ये तो येथेच मरण पावला.

वाट फ्रा महाथात हे शहराचे हृदय. त्याचा पांढरा, घंटेच्या आकाराचा, सोन्याने मढवलेल्या शिखराचा स्तूप सिंहली घडणीचा आहे. स्थानिक कथेनुसार कलिंगातील दंतपूरहून बुद्धाचा दात लंकेला नेणाऱ्या राजकन्या आणि राजपुत्राचे जहाज येथे फुटले आणि त्यांनी तो याच वाळूत पुरला. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत हे स्थळ 2012 मध्ये आले. माघ पौर्णिमेला, म्हणजे थाई ‘माख बुचा’च्या दिवशी, शेकडो हात लांबीचे पिवळे, पांढरे आणि तांबडे कापड डोक्यावर धरून लोक मिरवत आणतात आणि स्तूपाभोवती गुंडाळतात.

स्तूपापेक्षाही मराठी वाचकाला थबकायला लावतील ती येथील दोन लहान देवळे. ‘हो फ्रा इसुआन’ हे ईश्वराचे, म्हणजे शिवाचे. आत लिंग आहे. समोरच रस्त्यापलीकडे ‘हो फ्रा नाराय’ हे नारायणाचे. नारायणाच्या देवळात सापडलेली, कमरेशी शंख धरलेली दगडी विष्णुमूर्ती शहरातील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आग्नेय आशियातील सर्वांत जुन्या विष्णुमूर्तींमध्ये तिची गणना होते. बँकॉकच्या दरबारी ब्राह्मणांची अनेक घराणी मूळची या शहरातली. त्यांच्या त्रियंपवाय या विधीचे नाव ‘तिरुवेंपावै’ या तमिळ शैव स्तोत्रावरून आले आहे. याच विधीतला उंच झोका बँकॉकमध्ये 1935 मध्ये बंद झाला. येथेही शिवाच्या देवळाजवळ तशा झोक्याचे खांब पुन्हा उभारलेले आहेत. शब्दांचा अर्थ हरवल्यावरही मंत्रांचा सूर इतकी शतके जपणाऱ्या या घराण्यांविषयी मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडे भाद्रपद वद्यात पितृपक्ष असतो, बहुधा त्याच पंधरवड्यात येथे ‘बुन दुआन सिप’ म्हणजे दहाव्या महिन्याचे पुण्यकर्म चालते. नरकात खितपत पडलेल्या पितरांना या पंधरा दिवसांची सुटी मिळते, अशी समजूत आहे. त्यांच्यासाठी पाच पदार्थ हवेतच. तांदळाच्या पिठाच्या सुतासारख्या धारा सोडून केलेली जाळीदार ‘खनोम ला’ म्हणजे पितरांची वस्त्रे; फुलवलेल्या भाताची ‘फोंग’ ही होडी; बाकीचे पैसा, दागिने आणि खेळायच्या गोट्या. प्रेताचे तोंड सुईच्या छिद्राएवढे, म्हणून ला इतकी बारीक करायची, असे सांगतात. विहाराच्या आवारात हे पदार्थ मांडून विधी आटोपला की लहानथोर त्यावर झडप घालतात. या झोंबाझोंबीला ‘चिंग प्रेत’ म्हणतात. आपला ‘प्रेत’ शब्द येथे अतृप्त आत्म्यासाठी वापरतात आणि पितरांचे उष्टे मिळणे भाग्याचे मानतात.

1821 मध्ये लिगोरच्या अधिपतीने केदा राज्यावर स्वारी केली आणि तेथील मलय युद्धकैद्यांना येथे आणले. शहराच्या मुस्लिम वस्तीत त्यांचे वंशज आहेत. चांदीवर नक्षी कोरून तिच्या खाचांत चांदी, तांबे, शिसे आणि गंधक यांचे काळे मिश्रण भरायचे, हे ‘खृआंग थोम’चे काम येथले विशेष नावाजलेले. ‘यान लिपाओ’ या नेच्याच्या वेलाचे बारीक दोर विणून केलेल्या पिशव्याही प्रसिद्ध आहेत. ‘नांग तालुंग’ या चामड्याच्या छायाबाहुल्यांच्या खेळात पडद्यावर आधी ऋषी येतो, मग बैलावर बसलेला ईश्वर आणि त्यानंतरच कथा सुरू होते. काळे, मोठ्या पोटाचे विदूषक दक्षिणेच्या ठसकेबाज बोलीत बोलतात आणि प्रेक्षक खरे तर त्यांच्यासाठीच रात्र जागवतात.

शहराच्या पश्चिमेला खाओ लुआंग (1,835 मी.) हे दक्षिण थायलंडमधील सर्वोच्च शिखर आहे. त्याच्या पायथ्याच्या खिरिवोंग गावी मँगोस्टीन, ड्यूरियन, लंगसात यांची झाडे एकाच बागेत मिसळून लावतात. नोव्हेंबर 1988 मध्ये अतिवृष्टीने डोंगर खचले, तोडलेल्या झाडांचे ओंडके गावांवर कोसळले आणि क्राथून गाव उद्ध्वस्त झाले. जानेवारी 1989 मध्ये सरकारने देशभर जंगलतोडीचे परवाने रद्द केले, त्याला ही आपत्ती कारण ठरली. ऑक्टोबर 1962 च्या वादळाने दक्षिण थायलंडमध्ये सुमारे 900 माणसांचा बळी घेतला होता आणि लाएम तालुम्फुक हे भूशिर उद्ध्वस्त झाले होते. उत्तरेला सिचोनजवळ खाओ खा या टेकडीवर शैव मंदिरांचे अवशेष आणि लिंगे आहेत. त्याहून पुढे खनोमच्या खाडीत गुलाबी डॉल्फिन दिसतात.

मुख्य लोहमार्गापासून खाओ चुम थोंग येथे फुटणारा फाटा शहरात येतो. येथे पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. तो टाळून माघ पौर्णिमेला यावे, किंवा पाऊस बळावण्याआधी, दहाव्या महिन्याच्या पंधरवड्यात.