देवमाशाच्या तेलातून आलेली कादंबरी

जानेवारी १८४१ मध्ये पुढे कादंबरीकार झालेला हर्मन मेल्विल देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या 'अकुश्नेट' जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड, नॅन्टकेट या बंदरांची भरभराट तेव्हा देवमाशांच्या शिकारीवर उभी होती. चरबी जहाजावरच्याच भट्टीत कढवायची, पिपे भरायची. ते तेल दूरदूरच्या घरांतल्या दिव्यांत जळे.

नॅन्टकेटचे 'एसेक्स' जहाज १८२० मध्ये एका देवमाशाने धडक देऊन बुडवले होते. ती हकिगत आणि स्वतःचा अनुभव यांतून १८५१ साली मेल्विलची 'मोबी-डिक' ही कादंबरी आली. शिकारीच्या कामाची तपशीलवार वर्णने वाचताना अनेक वाचक कंटाळतात. खरे तर कादंबरीचा जीव त्याच पानांत आहे. तिच्यातल्या कप्तान आहाबचा देवमाशावरचा सूड खलाशांच्या घामावरच तर चालतो!

लंडनच्या पहिल्या आवृत्तीत निवेदक वाचल्याचे सांगणारा उपसंहारच गळला. सगळेच बुडाले, तर गोष्ट सांगितली कोणी, असे समीक्षकांनी विचारले.

पुस्तक फारसे खपले नाही. १८५९ मध्ये पेन्सिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली, दिव्यांसाठी ते तेल मिळू लागले आणि पुढे शिकारीचा धंदाही ओसरला. मेल्विलने न्यूयॉर्कच्या जकात खात्यात १९ वर्षे नोकरी केली. १८९१ मध्ये तो वारला, तेव्हा वाचक त्याला जवळपास विसरले होते. रेमंड वीव्हरने लिहिलेले त्याचे चरित्र १९२१ साली आले, आणि मग कुठे अमेरिकेने 'मोबी-डिक' पुन्हा वाचायला घेतली.