कावळा, फांदी आणि मुतखडा

मागच्या वेळी आपण काकतालीय न्यायापाशी थांबलो होतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. एका श्रोत्यांनी विचारलं, याचं आजचं उदाहरण द्या. तर आज आपण मुतखडा घेऊ. हसू नका, ज्याला झालाय तो हसत नाही!

मूत्रवाहिनीत अडकलेला पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा साधारण तिघांपैकी दोघांचा आपला आपणच पडतो. पाच ते दहामधला निम्म्याजणांचा. म्हणजे त्या दिवसांत तुम्ही कुळथाचं कढण घ्या, नारळपाणी प्या, नाहीतर नुसते कण्हत पडा, श्रेय कुणाला तरी मिळणारच. घरोघरच्या हमखास उपायांचं मूळ बरंचसं इथे आहे.

आता औषधांकडे येऊ. निफेडिपिन हे रक्तदाबाचं औषध, टॅमसुलोसिन प्रोस्टेटचं. दोन्ही स्नायू सैल करतात, मग मूत्रवाहिनीचाही का नाही करणार? तर्क सुंदर आहे. १९९४ मध्ये इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांनी निफेडिपिन एका स्टेरॉइडबरोबर देऊन पाहिलं, फायदा दिसला. २००५ मध्ये इटलीतच देलाबेला यांनी २१० रुग्णांचे तीन गट केले. टॅमसुलोसिनच्या गटात ९७ टक्के खडे पडले, निफेडिपिनच्या ७७, आणि तिसऱ्या, आखडलेला स्नायू सोडवणाऱ्या औषधाच्या गटात ६४. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये नऊ चाचण्या, ६९३ रुग्ण एकत्र मोजले गेले: औषध घेतल्यास खडा पडण्याची शक्यता ६५ टक्क्यांनी जास्त. गोळी जगभर चिठ्ठ्यांवर आली.

पण त्या चाचण्या लहान होत्या, आणि रुग्णाला किंवा डॉक्टरला कोण काय घेतंय हे बऱ्याच ठिकाणी माहीत होतं. माहीत असलं की डोळा हवं ते बघतो. मग ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत हजारावर रुग्णांची मोठी चाचणी झाली, निकाल २०१५ मध्ये आला. चार आठवड्यांत पुढचा उपचार लागला नाही असे रुग्ण किती? टॅमसुलोसिन ८१ टक्के, निफेडिपिन ८०, खोटी गोळी ८०.

इथे बरेचजण म्हणतात, संपलं. आम्हाला तसं वाटत नाही. त्या चाचणीत 'खडा पडला' याचा अर्थ होता 'पुढचा उपचार लागला नाही'. सगळ्यांचं स्कॅन काही केलेलं नव्हतं. २०१८ मध्ये अमेरिकेत ५१२ रुग्णांच्या चाचणीत खडा डोळ्यांनी दिसला किंवा हाती लागला तरच पडला असं धरलं. आकडे आले ५० आणि ४७. बघा, आजार तोच, पण शब्दाचा अर्थ बदलला की ऐंशीचे पन्नास होतात! औषधाचा फरक मात्र दोन्हीकडे नगण्यच. तत्त्वज्ञानाचा तास फुकट जात नाही तो असा.

आणि चीनमधली चाचणी? ३,२९६ रुग्ण, सगळे खडे मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाचे, चार ते सात मिलिमीटरचे. तिथे टॅमसुलोसिन ८६, खोटी गोळी ७९. फायदा मुख्यतः पाचच्या वरच्या खड्यांना. लहान खडा तसाही पडतो, त्याला गोळी काय मदत करणार? ब्रिटनमध्ये बहुतेक खडे लहानच होते, तिथला फरक त्यात बुडाला असेल, असं आम्हाला वाटतं. युरोपच्या मार्गदर्शिकेनेही पाचपेक्षा मोठ्या, खालच्या टोकाच्या खड्यांसाठीच हे औषध सुचवलं आहे.

तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहिली तर विचारावं, खडा किती मिलिमीटरचा, आणि कुठे अडकलाय? गोळीने चक्कर येऊ शकते, पुरुषांना वीर्यपतनाचा त्रास होतो, तेही विचारावं. आणि ताप आला, लघवी बंद झाली, तर ना गोळी ना कढण, तडक दवाखाना. आता प्रश्न घेऊ.