आशालता वाबगावकर : रंगभूमीवरची सत्यवती, पडद्यावरची आई

आशालता वाबगावकर (१९४१–२०२०) यांचे नाव निघाले की आमच्या गावातील वयस्क मंडळींना ‘मत्स्यगंधा’ आठवते, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना सिनेमातील आई, सासू किंवा आजी. गोव्यात जन्मलेल्या या अभिनेत्रीने शंभराहून अधिक हिंदी-मराठी चित्रपटांत कामे केली. त्यातील बहुतेक भूमिका चरित्र अभिनेत्रीच्या. पोस्टरवर जिचा चेहरा लहान असतो किंवा नसतोच, पण जिच्यावाचून घराचा प्रसंग उभा राहत नाही, अशी ती बाई.

शिक्षण आणि वास्तव्य मुंबईचे. काही काळ मंत्रालयात अर्धवेळ नोकरी, ती सांभाळून पदवी, आणि पुढे महिला विद्यापीठातून मानसशास्त्रात एम. ए. आकाशवाणीवर त्या कोकणी गाणी म्हणत. नाटकात आल्या त्या दि गोवा हिंदू असोसिएशनमुळे. गोमंतकीयांनी १९१९ साली मुंबईत स्थापन केलेली ही संस्था, आणि तिच्या कला विभागाने मराठी रंगभूमीला काय दिले हे सांगायला वेगळा लेख लागेल. असोसिएशनच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये आशालताबाईंनी रेवती केली. गोपीनाथ सावकार हे त्यांचे नाट्यगुरू.

१९६४ साली वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ आले. गोवा मुक्त होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. संस्था गोवेकरांची, संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे, पराशर रामदास कामत आणि सत्यवती आशालता. नाटक मुंबईत उभे राहिले तरी इकडे ते आपले घरचेच वाटले. सुर्ल्याहून मायणा धक्क्यावर फेरीबोट धरली की मांडवीपलीकडे वळवई, म्हणजे मास्टर दत्तारामांचे गाव. थोडे पुढे माशेल, ते मोहनदास सुखटणकरांचे. हे दोघेही असोसिएशनच्या रंगमंचावर वावरलेले. जत्रेला रात्रभर नाटक बघणाऱ्या आमच्या भागात ‘मत्स्यगंधा’तील पदे पेटीवर वाजणार नाहीत हे शक्यच नव्हते. बाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘गर्द सभोवती’ हे नाव दिले तेही यातल्याच एका पदावरून.

इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. संगीत नाटकात नटीचा गळा हेच तिचे अर्धे भांडवल. आशालताबाई सिनेमात गेल्या तेव्हा त्या भांडवलाचा उपयोग जवळजवळ संपला. सिनेमात गाणी पार्श्वगायिकांची, आणि आईच्या वाट्याला गाणे क्वचितच. त्यामुळे ज्या गुणावर नाव झाले तो बाजूला ठेवून त्यांना दुसऱ्या गुणावर पुन्हा उभे राहावे लागले. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील खरे कसब हेच. गाणाऱ्या नटीला वाक्याचा तोल कळतो, कुठे श्वास घ्यावा आणि कुठे थांबावे हे कळते. त्यांचे संवाद ऐकताना ते जाणवत राहते.

बासू चटर्जींचा ‘अपने पराये’ १९८० साली आला. शरच्चंद्रांच्या ‘निष्कृती’ या कथेवरचा हा चित्रपट. उत्पल दत्त, अमोल पालेकर, शबाना आझमी, गिरीश कर्नाड अशा संचात आशालताबाईंनी एकत्र कुटुंबातील थोरली सून केली. ही बाई वाईट नव्हे, पण कान हलका. कोणी काही सांगितले की विरघळते आणि स्वतःच उभे केलेले घर स्वतःच्या हाताने मोडायला निघते. अशी व्यक्तिरेखा खलनायिका करून टाकणे सोपे असते. त्यांनी ती तशी होऊ दिली नाही. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. तेव्हा त्यांची चाळिशीही पुरी झाली नव्हती. हिंदी सिनेमात बाईला म्हातारपण लवकर येते, हे नवीन नाही.

पुढे ‘उंबरठा’, ‘अंकुश’, ‘वहिनीची माया’, ‘माहेरची साडी’ अशी यादी वाढत गेली. नाटकेही सुटली नाहीत; पन्नासहून अधिक नाटके त्यांच्या नावावर आहेत. सगळ्याच भूमिका लक्षात राहाव्यात अशा नव्हत्या, आणि चरित्र भूमिका करणाऱ्याला तशी अपेक्षा ठेवून चालतही नाही. आलेले काम नीट करायचे, दुसऱ्या सेटवर जायचे.

नंतरच्या काळात दूरचित्रवाणी मालिका हेच ज्येष्ठ कलाकारांचे मुख्य काम झाले. २०२० च्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्र शासनाने चित्रीकरणाला परवानगी देताना पासष्टीपुढच्या व्यक्तींना सेटवर मनाई केली. हेतू काळजीचा होता, पण रोजच्या कामावर घर चालणाऱ्यांचे काय? एका ज्येष्ठ कलाकाराने न्यायालयात दाद मागितली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट भेदभावाची ठरवून रद्द केली. काम करण्याचा हक्क परत मिळाला; साथ मात्र होतीच.

सप्टेंबरमध्ये आशालताबाई ‘आई माझी काळुबाई’ या मालिकेच्या चित्रीकरणासाठी सातारा भागात होत्या. निर्मात्या अलका कुबल, म्हणजे ‘माहेरची साडी’तील नायिका. सेटवर अनेकांना करोनाची लागण झाली, त्यात बाईही होत्या. प्रकृती खालावत गेली आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्याच्या रुग्णालयात वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेवटच्या दिवसांत अलका कुबल त्यांच्यासाठी धावपळ करत होत्या. त्या दिवसांच्या नियमांप्रमाणे अंत्यसंस्कार साताऱ्यातच झाले. मालिका त्याच महिन्यात सुरू झाली होती.