दृतीचा पाय आणि पखालीचा डाग : गळत्या चर्मपात्राचे एक वाचन

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ९९) इंद्रियनिग्रहाच्या विवेचनात एक दृष्टान्त आला आहे. एक जरी इंद्रिय पाझरू लागले तरी माणसाची प्रज्ञा त्या वाटेने निघून जाते, जसे दृतीच्या पायातून पाणी. महाभारताच्या उद्योगपर्वातील विदुरनीतीतही हीच उपमा थोड्या फरकाने आढळते. दृती म्हणजे पाण्याची कातडी पिशवी. मात्र दोन्ही ग्रंथांच्या पाठपरंपरेत काही ठिकाणी ‘पादात्’ असे, तर काही ठिकाणी ‘पात्रात्’ असे वाचन मिळते. हा भेद केवळ लेखनिकाच्या हातचा मानून सोडून देण्याजोगा नाही.

मशकीसाठी बकऱ्याचे कातडे पोट न चिरता, मोजा उलटावा तसे अखंड सोलून काढीत आणि बाभळीसारख्या सालीत कमवीत. मानेकडील बाजू हे तिचे तोंड. चारही पाय दोरीने आवळून बंद केलेले असत. त्यामुळे पाणी गळण्याची पहिली जागा पाय हीच. ज्याने मशक पाहिली आहे त्याला ‘पादात्’ हा शब्द अडत नाही. ज्याच्यासमोर केवळ भांड्याची अमूर्त कल्पना आहे, तो ‘पात्रात्’ वाचून समाधान पावतो. उपमेतील अचूकपणा मात्र तेथेच गळून जातो. पाच इंद्रियांपैकी एक आणि चार पायांपैकी एक, ही तुलना मुळात कातड्याच्या घडणीवरच उभी आहे.

गळती बुजवण्याची रीत या घडणीतूनच आलेली. काट्याने पडलेल्या बारीक भोकात आतून लहानसा खडा धरून भोवतीचे कातडे चुणून दोऱ्याने घट्ट बांधीत. टाका घातला तर सुईचे नवे भोक पडते, बांधल्याने ते टळते. चीर लांब असेल तरच ठिगळ लावून मेणवलेल्या दोऱ्याने शिवीत आणि सांध्यावर चरबी चोळीत. ओले कातडे फुगून टाक्यांची भोके पुष्कळशी आपोआप बुजवते. म्हणून रिकामी मशक कोरडी पडू देणे हाच तिचा खरा नाश.

हे ध्यानात घेतले म्हणजे एका दूरच्या ग्रंथातील तपशीलही उलगडतो. बायबलच्या जुन्या करारात, यहोशवाच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात, गिबोनचे लोक दूर देशाहून आल्याचे भासवण्यासाठी द्राक्षारसाचे जुने बुधले बरोबर आणतात. तेथे मूळ हिब्रू शब्द ‘फाटलेले व बांधलेले’ या अर्थाचे आहेत. अनेक भाषांतरांत ते सैलपणे ‘दुरुस्त केलेले’ असे होतात. बांधलेली गाठ येथे प्रवासाचा पुरावा म्हणून मांडली जाते, आणि तो पुरावा खोटा असतो. दुरुस्तीच्या खुणेलाच कथानकात काम मिळाल्याचे असे उदाहरण विरळाच.

मराठीत हे काम एका म्हणीने केले आहे. रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवरून पाणी वाहणारी मोठी शिवलेली पिशवी ती पखाल. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ या म्हणीच्या एका रूपात ‘औषधा’ऐवजी ‘डाग’ येतो, तर अलीकडच्या बोलण्यात ‘इंजेक्शन’. उपचार भलत्याच जागी झाला, एवढाच अर्थ आता उरला आहे. पण तापलेल्या लोखंडाचा डाग कातड्याला दिला तर ते आकसून चिरते. रेडा बरा होत नाही तो नाहीच, वर चांगली पखाल गळू लागते. ‘औषध’ या रूपात हा दुसरा घाव हरवतो. ‘इंजेक्शन’ने, कदाचित नकळत, भोक तरी परत आणले.

येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. ज्या शास्त्रपरंपरेने दृतीचा दृष्टान्त दिला, तिच्याच अनुयायांतील अनेक सोवळ्या घरांत मशकीचे पाणी पिण्यास वर्ज्य होते. कातडे कमावणारे आणि सांधणारे हात तर अस्पृश्य ठरलेले. त्यामुळे गळती ग्रंथांत उपमा म्हणून आली, पण ती बुजवण्याचे ज्ञान बहुधा तोंडीच राहिले. पखालजी किंवा भिस्ती यांचे चित्रण झाले ते ओझे वाहणारे म्हणून. त्यांच्या हातातील आरी आणि दोरा क्वचितच कोणी पाहिला.

पुढे कॅनव्हासच्या पाणपिशव्या आल्या. हिंदीत त्यांना ‘छागल’ असेच म्हटले गेले. ‘छाग’ म्हणजे बकरा. कातडे गेले तरी नाव राहिले. या पिशवीचे सूत भिजून फुगते आणि विणीतील फटी पुष्कळशा मिटतात, तरी थोडे पाणी झिरपत राहतेच. ते वाऱ्याने उडून जाते आणि आतले पाणी गार होते.